समारंभाच्या जाहीरनाम्यावर कायद्याची नजर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानाचा विषय बहुधा शिक्षण, विवाह अगर उद्योग असा असतो. कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली, म्हणून मी माझ्या वकिलीच्या व्यवसायातला एक विषय निवडला आहे. सरकार समारंभाने ज्या घोषणा करते, त्यांचा मसुदा कायदा जाणणाऱ्याने आधी तपासावा की नाही, आणि तपासावयाचा तर त्यात काय पाहावे, हा तो विषय होय. विषय रुक्ष आहे हे मी मान्य करतो. परंतु दुपारच्या सत्रात आपल्यापुढे जो ठराव येणार आहे, त्याचा या विषयाशी निकटचा संबंध आहे, एवढे ऐकून तरी आपण मला अर्धा तास द्याल अशी आशा आहे.

प्रारंभ आपल्या गावापासूनच करू. एम्प्रेस मिल हे नाव ठाऊक नाही असा नागपूरकर विरळा. गिरणी बंद पडली, त्या जागी आज मॉल उभा आहे. पण नाव राहिले. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीस लॉर्ड लिटनने दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले, आणि गिरणीस ते नाव मिळाले. दरबाराची हकीकत, हत्ती, निशाणे आणि तोफा यांची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या समारंभामागे इंग्लंडात कागदावर जी लढाई झाली, तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

राणीला नवी पदवी घ्यावयाची तर पार्लमेंटचा कायदा हवा, म्हणून १८७६ साली तसा कायदा झाला. ‘राणी’ हा आपला जुना शब्द जाऊन ‘सम्राज्ञी’ हा परका शब्द आपल्या देशात रूढ होईल, अशी धास्ती तेथील लोकांना वाटत होती. तेव्हा ही पदवी हिंदुस्थानापुरतीच राहील, असे आश्वासन पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने दिले. पुढे एप्रिल महिन्यात प्रत्यक्ष जाहीरनामा निघाला, तो विरोधकांनी भिंग लावून वाचला. त्यात लिहिले होते की, ज्या दस्तऐवजांचा अंमल इंग्लंड व त्याच्याशी संयुक्त प्रदेश यांच्या बाहेर जात नाही ते वगळून, इतर सर्व प्रसंगी ही पदवी वापरता येईल. विरोधक म्हणाले, आश्वासन होते एक आणि शब्द आहेत दुसरे. कारण ज्या कागदाचा अंमल समुद्रापलीकडेही पोहोचतो, त्यावर इंग्लंडातसुद्धा ही पदवी येणारच. सर हेन्री जेम्स यांनी मे महिन्यात त्यावर निषेधाचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला, हा भाग निराळा. पण निव्वळ मानाच्या पदवीचा तो कागद, त्याने कोणाची जमीन जात नव्हती की कोणावर कर बसत नव्हता. आणि तरीही अपवादाच्या एका कलमावरून पार्लमेंटात सरकारवर ठपका ठेवण्यापर्यंत मजल गेली. समारंभाचा कागद म्हणून कोणी त्यास सूट दिली नाही.

याच्याही आधीचा, आणि आपणांस अधिक जवळचा, दाखला १८५८ चा. कंपनीचे राज्य संपून राणीचे राज्य आले, ते २ ऑगस्ट १८५८ च्या कायद्याने. लोकांना ते कळावे म्हणून १ नोव्हेंबर रोजी लॉर्ड कॅनिंगने अलाहाबादेस राणीचा जाहीरनामा वाचला. त्याचा पहिला मसुदा राणीला पसंत पडला नव्हता. देशी धर्म व चालीरीती यांना धक्का देण्याचे सामर्थ्य सरकारात आहे, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. ते तिने काढावयास लावले. यादवीत रक्त सांडल्यानंतर एक स्त्री राज्यकर्ती पूर्वेकडील कोट्यवधी प्रजाजनांशी बोलत आहे, हे ध्यानी ठेवून मजकूर लिहावा, असे तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांस कळविले. मसुदा तपासणे म्हणजे नुसते कलमे तपासणे नव्हे, हे त्या पत्रावरून दिसते. ऐकणाराच्या कानाने तो एकदा वाचावा लागतो.

त्या जाहीरनाम्यात संस्थानिकांचे करार पाळले जातील, राज्यविस्ताराची इच्छा नाही, असेही वचन होते. आम्हां नागपूरकरांना ते वचन चार वर्षे उशिरा मिळाले. १८५४ सालीच भोसल्यांचे राज्य खालसा होऊन चुकले होते. असो. मुख्य वचन नोकऱ्यांविषयी होते. वंश व धर्म न पाहता, लायकीप्रमाणे, सर्व प्रजाजनांस सरकारी अधिकाराच्या जागा मोकळ्या राहतील, असे ते वचन. परंतु त्यात ‘शक्य असेल तेथवर’ अशा अर्थाचे शब्द घातले होते, आणि ज्याने ते घातले तो आपले काम जाणणारा मनुष्य असला पाहिजे. दादाभाई नौरोजींच्या पिढीने या जाहीरनाम्यावर आपली सारी मागणी उभारली, आणि सरकारने उत्तर द्यावयाच्या वेळी बोट त्या शब्दांवर ठेवले.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचे वादळ उठले, तेव्हा सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या नामांकित कायदेपंडिताने स्पष्टच सांगितले की राणीचा जाहीरनामा हा समारंभाचा कागद आहे, त्यास कायद्याचे बळ नाही. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी कलकत्त्यास त्याचा प्रतिवाद केला. राणीचे गंभीरपणे दिलेले शब्द कवडीमोल ठरविणारा सिद्धान्त या देशातील लोकांपुढे मांडणे ही साधी गोष्ट नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

मला विचाराल तर वकील म्हणून मी स्टीफनच्या बाजूस बसेन. न्यायालयात तो जाहीरनामा दाखवून कोणास जागा मिळाली नसती. परंतु तसे होते तर, कायद्याचे बळ नसलेले शब्द इतक्या थाटाने गावोगाव का वाचून दाखविले, हा रिपनचा प्रश्नही शिल्लक राहतोच. शिवाय, नुसत्या कायद्याने सारे साधते असेही नाही. नोकरीच्या बाबतीत धर्म, जन्म वा वर्ण आड येऊ नये हे १८३३ च्या सनदी कायद्याच्या ८७ व्या कलमात छापील होते, आणि तेही कित्येक वर्षे कागदावरच राहिले.

आता आपल्या राज्याकडे वळू. १ मे १९६० च्या मध्यरात्रीचा मुंबईच्या राजभवनावरील समारंभ, पंडित नेहरूंच्या हस्ते उजळलेला महाराष्ट्राचा नकाशा, हे सर्व मराठी मनाला प्रिय आहे. परंतु राज्य झाले ते पार्लमेंटच्या १९६० च्या ११ व्या कायद्याने. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमात, मुंबई उच्च न्यायालयाचे किमान तीन न्यायाधीश नागपुरास बसतील, असे लिहिले आहे. म्हणून नागपूरचे खंडपीठ कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. याच्या शेजारी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार ठेवून पाहा. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरेल हे त्यातले अभिवचन. तो पुढाऱ्यांनी सह्या केलेला गंभीर करार होता, पण कायदा नव्हता. कोठे व केव्हा अधिवेशन भरवावयाचे ते संविधानाच्या १७४ व्या अनुच्छेदाखाली राज्यपालांच्या आदेशाने ठरते. २०२० व २०२१ या दोन्ही वर्षी साथीच्या काळात हिवाळी अधिवेशन मुंबईस झाले. त्यासाठी कोणत्याही कायद्यात दुरुस्ती करावी लागली नाही. कारण साथीचे होते व ते योग्यही असेल. मला दाखवावयाचा आहे तो दोन कागदांमधला फरक.

घोषणेचा मसुदा तपासणारा आपल्याकडे कोण? राज्य शासनात विधि व न्याय विभाग आहे आणि त्याच्या सचिवास विधि परामर्शी म्हणतात. अमेरिकेत अध्यक्ष केनेडी यांनी १९६२ साली आदेश काढून, राष्ट्राध्यक्षांच्या सर्व जाहीरनाम्यांचे मसुदे, विशेष दिवस पाळण्याविषयीचे साधे मसुदेसुद्धा, ‘रूप आणि वैधता’ या दोन्ही दृष्टींनी महान्यायवादींकडून पाहून घ्यावेत असे ठरवून दिले. या दोन शब्दांत सारे येते. आपल्याकडील कागदात रूप म्हणजे आदेश राज्यपालांच्या नावाने निघाला आहे काय, त्यावर अधिकृत सही आहे काय, हे पाहणे. हे संविधानाच्या १६६ व्या अनुच्छेदातील काम. ते क्षुल्लक नव्हे. १९६२ साली पंजाबच्या एका प्रकरणात मंत्र्याने फाइलीवर स्वतःच्या हाताने एका नोकराच्या बाजूने शेरा लिहिला होता. तो राज्यपालांच्या नावाने निघाला नाही आणि त्या मनुष्यास कळविलाही गेला नाही, म्हणून तो आदेशच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. फाइलीवरील लेखी शेऱ्याची ही गत, तेथे व्यासपीठावरील तोंडी घोषणेची काय कथा!

वैधता म्हणजे हे करण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला, हा प्रश्न. २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन म्हणणारा २०१३ चा शासन निर्णय, अगर ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे २०२३ साली स्वीकारलेले राज्यगीत, यांना निराळा कायदा लागला नाही. शासनाच्या सामान्य कार्यकारी अधिकारात ते बसते. पण त्याच कारणाने त्यांच्या मर्यादाही आहेत. राष्ट्रगीतात व्यत्यय आणणाऱ्यास शिक्षा सांगणारा १९७१ चा कायदा आहे; त्यात राज्यगीताचा उल्लेख नाही. तेव्हा राज्यगीताच्या मसुद्यात शिक्षेची भाषा कोणी घातली असती, तर विधि विभागाने ती खोडावयास हवी होती.

सुट्टीचे मात्र वेगळे आहे. सार्वजनिक सुट्टी जाहीर होते ती परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या २५ व्या कलमाखाली. तो अधिकार मूळचा केंद्राचा, राज्यास सोपविलेला. आता हुंडी-वचनचिठ्ठीच्या कायद्यात संतांची जयंती कशी आली, असे आपण विचाराल. वचनचिठ्ठीची मुदत ज्या दिवशी भरते तो दिवस सार्वजनिक सुट्टीचा असला, तर ती आदल्या कामाच्या दिवशी देय धरतात. म्हणजे आपण आनंदाने मागितलेल्या सुट्टीमुळे एखाद्या व्यापाऱ्याला एक दिवस आधी पैसे उभे करावे लागतात. तान्ह्या पोळ्यासारखी जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली स्थानिक सुट्टी या जातीची नव्हे, म्हणून त्या दिवशी बँक उघडी असते. २ ऑगस्ट हा दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. त्याची पूर्वीपासूनची सुट्टी बंद झाली म्हणून तेथील अर्जदार मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की सुट्टी मिळणे हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, ते सरकारी धोरण आहे. उलट सुट्ट्या कमी करण्याची वेळ आली असेल.

एक दाखला सांगताना मन जड होते, पण ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर तो वगळणे बरे नाही. विदर्भातील हलबा-कोष्टी विणकर बांधवांना हलबा जमातीत धरणारी शासकीय पत्रके व निर्णय एके काळी निघाले. घराघरांतून त्यांवर विसंबून मुलांनी अर्ज भरले. नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की अनुसूचित जमातींच्या राष्ट्रपतींच्या आदेशात जे शब्द आहेत तेच वाचावयाचे. राज्याचे पत्रक त्यात भर घालू शकत नाही, तो अधिकार संसदेचा. तोवर पक्के झालेले प्रवेश व नेमणुका न्यायालयाने राखल्या, परंतु पुढच्या पिढीचे काय झाले ते नागपुरात कोणास सांगावयास नको. हे समारंभाचे कागद नव्हते हे खरे. पण अधिकार नसलेल्या शब्दावर कुटुंबे आयुष्याची मांडणी करतात तेव्हा त्याची किंमत शब्द देणारा भरीत नाही, हे येथे जसे दिसते तसे दुसऱ्या कोठे मी पाहिले नाही.

आता आपला ठराव. आपल्या वंदनीय संतांची पुण्यतिथी ‘शासनाने घोषित करून मान्यता द्यावी’, असे निवेदन हिवाळी अधिवेशनाच्या वेळी द्यावयाचे आहे. मसुद्यातील भावना निर्मळ आहे. मागितले काय आहे, ते मात्र मला दोनदा वाचूनही कळले नाही. सरकारी कार्यालयांत प्रतिमापूजन व्हावे असे हवे असेल, तर सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी थोर पुरुषांच्या जयंत्यांचे पत्रक काढतो, त्यात नाव घालण्याची मागणी करावी; ती मान्य होण्यास अडचण कमी. सार्वजनिक सुट्टी हवी असेल तर २५ व्या कलमाचा उल्लेख करावा, आणि वर सांगितलेला उच्च न्यायालयाचा निर्णय ध्यानी ठेवून आशा बेताची ठेवावी. जिल्ह्यापुरती सुट्टी पुरेशी असेल तर निवेदन मंत्र्यांकडे नेण्याचे कारणच नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. माझे मत पहिल्या मार्गाच्या बाजूने आहे. सभेने मात्र तिन्ही एकाच वाक्यात मागू नयेत, कारण मग शासनाच्या उत्तरात ‘योग्य ती कार्यवाही’ एवढेच शब्द येतील.

दुसरे असे की मसुद्यात तिथी लिहिली आहे, तारीख नाही. पत्रकाला एक काहीतरी निश्चित लागते. शिवजयंतीच्या तिथी-तारखेचा वाद आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आपल्या दारी आणू नये. तसेच संतांचे नाव मसुद्यात तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिले गेले आहे. एकदा राजपत्रात वा पत्रकात चुकीचे नाव छापले गेले, की शुद्धिपत्रासाठी पुन्हा वर्षभर खेटे घालावे लागतात.

या सूचनांप्रमाणे दुरुस्त केलेल्या मसुद्याच्या दोन प्रती मी कार्यवाहांकडे दिल्या आहेत. तारखेची जागा कोरी सोडली आहे. ज्येष्ठ मंडळींनी भोजनानंतर बसून तिथीची तारीख ठरवावी, म्हणजे चार वाजता ठराव सभेपुढे ठेवता येईल.