प्रशिक्षणाला नाव देण्याआधी

आष्टी म्हटलं की पुष्कळांना बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आठवतं. वर्ध्याकडच्या माणसाला १९४२च्या हुतात्म्यांची आष्टी आठवते. मी आज बोलणार आहे ते जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या आणि तिच्या आसपासच्या गावांतल्या लोकांशी. हे आधी सांगण्याचं एक व्यवहारी कारणही आहे. नावं सारखी असल्यानं अर्जात दुसरीच आष्टी पडू शकते, म्हणून सेवा केंद्रावर अर्ज भरून घेतलात की पावती तिथेच उभं राहून वाचा. जिल्हा जालना, तालुका परतूर, हे दोन शब्द डोळ्यांनी पाहा आणि मगच घरी या.

विषय आहे प्रशिक्षणांचा आणि गावातल्या सामाजिक कामाचा. केंद्र सरकारचं रुर्बन अभियान २०१६ साली सुरू झालं, त्यात आष्टी आणि भोवतालच्या गावांचा समूह घेतला गेला. रस्ते, पाणी यांच्या जोडीला कौशल्य प्रशिक्षण हाही त्या अभियानाचा भाग होता. रस्ता दिसतो, त्यामुळे त्याची चर्चा होते. प्रशिक्षणाचं तसं नसतं. बातमी एक तर पोचतच नाही, नाही तर त्याच त्या चार घरांत फिरते. शिवणकामाचे तीन वर्ग केलेली आणि घरी मशीन नसलेली बाई तुमच्या-माझ्या ओळखीची असतेच.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं : प्रशिक्षण फुकट आहे एवढ्यावर नाव देऊ नका. आधी विचारा, शिकून झाल्यावर माझा माल घेणार कोण? आणि अडचण आली तर मी कोणाकडे जायचं?

या दोन प्रश्नांची उत्तरं कशी असावीत, ते आपल्याच जिल्ह्यात बघा. रेशीम शेतीचं शिक्षण मराठवाड्यात बरीच वर्षं दिलं जात होतं. पण कोष तयार झाले की शेतकऱ्याला ते घेऊन कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जावं लागायचं. गाडीभाडं, मुक्काम, अनोळखी भाषा, आणि भाव पडला तर माल परत आणायची सोय नाही. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली आणि हिशेबच बदलला. शिकवणारे तेच होते, तुतीही तीच होती. विक्रीचं ठिकाण जवळ आलं, तेव्हा शिकलेलं उपयोगी पडलं. तुती लावायची असेल तर रोजगार हमी योजनेतूनही मदत मिळते, जिल्हा रेशीम कार्यालयात चौकशी करा.

दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उत्तर आरसेटीकडे आहे. आरसेटी म्हणजे बँकेमार्फत चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. ही कल्पना कर्नाटकातल्या उजिरे गावची. धर्मस्थळाचे वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकारानं आणि दोन बँकांच्या मदतीनं १९८२ साली तिथे पहिली संस्था निघाली. पुढे सरकारनं तोच नमुना देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. शिक्षण, राहणं, जेवण यांचे पैसे पडत नाहीत. शेळीपालन, कुक्कुटपालन, मोटार रिवाइंडिंग, ब्यूटी पार्लर, मोबाइल दुरुस्ती असे वर्ग असतात. मला त्यातली मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट : वर्ग संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा करायचा, कर्जाच्या प्रस्तावाला हात द्यायचा, हे त्या संस्थेचं कामच आहे. तो पाठपुरावा मागून घ्या. प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून गप्प बसलात तर कोणी शोधत येणार नाही.

शेतीसाठी जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, दुसरं बदनापूरला. कडवंची गावातलं पाणलोटाचं काम आणि तिथली द्राक्षं पाहायला लोक लांबून येतात. त्या कामामागे खरपुडीच्या मंडळींची कित्येक वर्षांची मेहनत आहे. परभणीचं कृषी विद्यापीठही आपल्याला लांब नाही.

बायकांसाठी बातमीचा खरा रस्ता 'उमेद'चा, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा. गावातले बचत गट मिळून ग्रामसंघ, ग्रामसंघ मिळून प्रभागसंघ. सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई, बँक सखी, कृषी सखी, पशुसखी या तुमच्यातल्याच असतात आणि त्यांचंही रीतसर प्रशिक्षण होतं. ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय कायमचा ठेवा : या महिन्यात कुठे काय शिकवतात, आणि अजून एकदाही न गेलेली कोण आहे. आधी तिचं नाव. तारखा ठरवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. कापूस वेचणीत वर्ग लावला तर मजुरी बुडवून कोणी येत नाही, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून गेलेल्यांचा तर विचारच झालेला नसतो.

तरुण मुलं भेटतात ती म्हणतात, आम्हाला संस्था काढायची आहे. काढा, पण घाई कशाला? सात जण जमवून नोंदणी होते. १८६०चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, या दोन्हींखाली ती धर्मादाय कार्यालयात करावी लागते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलले की बदल अर्ज, ही कामं मागे लागतात. ज्यांनी ती केली नाहीत अशा कागदावरच्या संस्था प्रत्येक तालुक्यात पडून आहेत. माझं स्पष्ट मत आहे की दोन वर्षं नुसतं मंडळ म्हणून काम करावं. वाचनालय चालवा, रक्तदान घ्या, म्हाताऱ्या माणसांचे हयातीचे दाखले काढून द्या. काम टिकलं तर नोंदणी करा.

पैसा गावातही असतो. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उठून विचारा, गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला? मुख्य ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते. तिथे हा प्रश्न लिहून द्या, म्हणजे इतिवृत्तात येतो.

आता शेवटचा विषय, आणि त्याला मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. मराठवाड्यात शेतकरी जीव देतात हे आपण इतक्यांदा ऐकलं आहे की ऐकू येईनासं झालं आहे. कर्ज, नापिकी ही कारणं खरीच. पण त्या आधीचे काही आठवडे घरातल्यांना काहीतरी दिसलेलं असतं. माणूस झोपत नाही, पारावर यायचा थांबतो, नेहमीचं पिणं वाढतं, देण्याघेण्याची आवराआवर करू लागतो, 'माझ्यावाचून तुमचं बरं चालेल' असं बोलतो. अशा वेळी उपदेश नको. 'धीर धर, सगळ्यांनाच अडचणी असतात' हे तर नकोच. शेजारी बसा आणि सरळ विचारा, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, मानसोपचाराचे जाणकार हेच सांगतात. उलट विचारल्यावर माणूस बोलता होतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ती टोकाची वेळ पुष्कळदा टळते, आणि औषध हाताशी नसलं तर माणूस वाचतो.

मदत मागायला कुठे जायचं? गावातल्या आशाताईला सांगा, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. आणि फोनवर, रात्री-अपरात्रीसुद्धा, टेलिमानस ही सरकारी सेवा आहे. ती २०२२च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. नंबर लिहून घ्या : एक चार चार एक सहा, म्हणजे १४४१६. मुलांसाठी १०९८ आहे, संकटातल्या बाईसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७.

हे चार नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेच्या भिंतीवर आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उद्याच मोठ्या अक्षरात लिहा. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी हे जरूर करावं, कारण औषध विकत घ्यायला माणूस त्यांच्याच दुकानात येतो.