घड्याळ चुलीपासून सुरू होतं

आजचा विषय ट्रेकच्या खाण्याचा आहे. मी चेन्नईतून बोलतेय, त्यामुळे उदाहरणं इथली येतील. पण नागपूर, हैदराबाद, रायचूर, सुरत, जिथे जिथे उकाडा आहे तिथे हेच गणित लागू पडतं.

सह्याद्रीत फिरलेल्या माणसाची एक सवय असते. खाण्याचं काय, वर मिळेल. हरिश्चंद्रगडावर पिठलं-भाकरी मिळते, राजगडाच्या पायथ्याच्या गावात आधी फोन करून ठेवला की जेवण तयार असतं. गडाखाली गाव असतं, गावात मावशी असतात, त्यांच्या घरी चूल पेटलेली असते. तमिळनाडूतल्या जंगलवाटांवर हे गृहीत धरता येत नाही. बऱ्याचशा वाटा राखीव जंगलातून जातात, परवानगी घेऊन आणि वनखात्याचा वाटाड्या सोबत घेऊन जायचं असतं. वाटेत टपरी नाही आणि स्टोव्ह पेटवायचा प्रश्नच नाही.

त्यामागे एक दुःखद घटनाही आहे. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणवा पेटला आणि ट्रेकला गेलेले दोन गट त्यात सापडले. एक गट चेन्नईहून गेला होता, दुसरा इरोड-तिरुप्पूर भागातून. वीसहून अधिक माणसं गेली. तो वणवा कुणाच्या चुलीने लागला असं मी अजिबात म्हणत नाही. पण मार्चमध्ये इथलं गवत किती वाळलेलं असतं, आणि एकदा आग धरली की माणसाच्या पायांनी तिच्यापुढे पळता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. त्याच वर्षी राज्य सरकारने ट्रेकिंगसाठी नियम केले. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये वनखात्याने ‘ट्रेक तमिळनाडू’ ही योजना काढली. तिच्यात ४० वाटा, ऑनलाइन नोंदणी आणि सोबत वाटाड्या अशी सोय आहे. वणव्याच्या दिवसांत वाटा बंद ठेवतात.

म्हणजे आपल्यासाठी मुद्दा असा, की जे खायचं ते घरून शिजवून न्यायचं. आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक ट्रेकचे तास मोजतात. म्हणतात, सातला चढायला लागू, तीनला खाली, आठ तासांचा तर प्रश्न आहे. पण अन्नाचं घड्याळ वाटेवर सुरू होत नाही, ते चुलीपासून सुरू होतं. नागलापुरमचंच घ्या. आंध्रात, चेन्नईहून शंभर किलोमीटरच्या आत. सातला चढायचं तर चारला निघायचं, म्हणजे भात पहाटे तीनला शिजला. तो दुपारी एकला खाल्ला की दहा तास झाले, तेही गाडीच्या डिकीत आणि पाठीवरच्या बॅगेत.

अमेरिकेच्या शेतकी खात्याची सूचना अशी आहे, की शिजवलेलं नाशवंत अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. या नियमाने चाललं तर चेन्नईत डबा नेणंच बंद करावं लागेल! पण आपल्या आज्या फ्रीज नसताना दोन-दोन दिवसांच्या प्रवासाचं अन्न बांधत होत्या. त्यांनी नियम मोडला नव्हता. त्या नाशवंत अन्न नेतच नव्हत्या. आंबट, कोरडं, तेलकट आणि गोड या चार गुणांतला एक तरी, शक्यतो दोन, प्रत्येक पदार्थात असायचेच.

मराठीत शिदोरी म्हणतात, तमिळमध्ये कट्टुसादम, म्हणजे बांधलेला भात. त्यातला राजा पुळियोदरै, चिंचेचा भात. चिंचेचा कोळ, लाल मिरच्या, हिंग, मेथी आणि भरपूर तिळाचं तेल घालून आटवतात, त्याला पुळिक्काच्चल म्हणतात. हे चार दिवस आधी करून ठेवता येतं. पहाटे फक्त भात करायचा, परातीत पसरून पूर्ण गार करायचा आणि मग कालवायचा. गार करणं महत्त्वाचं आहे, कारण गरम भात डब्यात भरला की वाफेचं पाणी होतं आणि भात तासन्‌तास कोमट राहतो. भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू असू शकतो. त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात ते फोफावतात. त्याचं एक विष असं आहे की पुन्हा गरम करूनही ते जात नाही, आणि खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. घरी हा त्रास दिवसभरात निभतो. दगडांच्या उतारावर, गाडीपासून तीन तास लांब, ऊन वर आणि अंगातलं पाणी आधीच कमी, तेव्हा हाच त्रास जिवावर बेतू शकतो.

दहीभाताची युक्ती आपल्याकडेही ठाऊक आहे, पण इथे ती रोजची आहे. भात मऊ करून, गार करून त्यात दूध भरपूर आणि दही चमचाभरच घालायचं. दूध वाटेत विरजतं, खायच्या वेळी दहीभात आंबूस पण चांगला असतो. चेन्नईच्या हवेत मात्र पाच-सहा तासांपुढे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. म्हणून तो आधी संपवायचा, पुळियोदरै नंतर. सकाळी गाडीत मिळगायपोडी आणि तिळाचं तेल चोपडलेल्या इडल्या. चटणी नको. ओलं खोबरं सगळ्यात आधी विटतं.

आता आपले मराठी पदार्थ. पुरी आणि बटाट्याची भाजी हे जोडपं मी ट्रेकला बाद करते. पुरी बिचारी निर्दोष आहे, पण उकडलेला बटाटा आणि कांदा उकाड्यात टिकत नाहीत. साबुदाण्याच्या खिचडीचा दुपारपर्यंत गोळा होतो. भाकरी कडक पडते. मग राहते ती दशमी. दुधात भिजवलेली, मोहन घातलेली, दुसऱ्या दिवशीही मऊ. तिच्याबरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी. पाणी न घालता केलेले धपाटेही चालतील, फक्त कांदा टाळा.

आणि शेंगदाण्याचे लाडू. यांचं गणित बघा. चाळीस ग्रॅमचे पाच लाडू म्हणजे २०० ग्रॅम वजन आणि साधारण ९५० उष्मांक. तेवढेच उष्मांक साध्या भातातून हवे असतील तर सुमारे पाऊण किलो शिजलेला भात वाहावा लागेल. मग सगळे लाडूच का नेऊ नयेत? कारण उन्हात कोरडं गोड घशाखाली उतरत नाही. चार तास घाम गाळल्यावर माणसाला आंबट आणि खारट हवं असतं. भाताचं अर्ध्याहून जास्त वजन पाण्याचं, तेही पोटात जातं. बॅगेतून जे तसंच परत येतं ते वजन आपण फुकट वाहिलेलं असतं. महागड्या एनर्जी बारबद्दल माझं हेच मत आहे, शिवाय चॉकलेटचा थर असेल तर मेमध्ये तो बोटांना चिकटण्यापलीकडे काही करत नाही.

खारट म्हणजे काय न्यायचं? आपली सांडगी मिरची इथे मोर मिळगाय म्हणून भेटते, ताकात मुरवून वाळवलेली. आणखी एक सोन्यासारखी गोष्ट म्हणजे नार्त्तंगाय, मीठ लावून उन्हात वाळवलेलं महाळुंगाच्या जातीचं लिंबू. एक तुकडा तोंडात धरला की मळमळ थांबल्यासारखी वाटते आणि मीठही मिळतं. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. त्याबरोबर मीठ जातं. वरून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस अजून पाणी पितो. म्हणून माणशी तीन ते चार लिटर पाणी, म्हणजे तीन-चार किलो, आणि सोबत ओआरएसची दोन पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. अंदाजाने घालू नका, मीठ जास्त झालं तर अपायच होतो. ताक न्यायचं तर पातळ, खारट, आणि पहिल्या दोन तासांत संपवायचं. बंद बाटलीत ते आंबून फसफसतं.

बांधायचं कशात? तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, निलगिरी जिल्ह्यात तर पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्याही चालत नाहीत. केळीचं पान आचेवर जरा फिरवून घ्या, ते लवचीक होतं, चिरत नाही. त्यात भात, वर धुतलेला फडका. वर्तमानपत्र नको. छपाईच्या शाईमुळे त्यात अन्न बांधू नये असं आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेच सांगितलंय. सगळं मिळून एका मंजप्पैमध्ये. मंजप्पै म्हणजे पिवळी कापडी पिशवी. एके काळी इथे ती धरणाऱ्याला गावंढळ म्हणून हसायचे, मग डिसेंबर २०२१ मध्ये सरकारनेच ‘पुन्हा मंजप्पै’ अशी मोहीम काढली. खाऊन झाल्यावर उष्टं पानही त्याच पिशवीतून खाली. पान कुजतं हे खरं, पण कुजायच्या आधी माकडं येतात. मग माणसांची बॅग म्हणजे खाणं हे त्यांच्या डोक्यात बसतं आणि पुढच्या गटावर ती झडप घालतात.

आठवड्याचा क्रम सांगते. रविवारी निघायचं असेल तर गुरुवारी लाडू आणि पुळिक्काच्चल. शनिवारी संध्याकाळी दशम्या आणि चटणी. रविवारी पहाटे फक्त भात आणि इडल्या. अन्न एकाच्याच पाठीवर देऊ नका. गट फुटला, कुणी मागे राहिलं, तर त्याच्या बॅगेत त्याचं खाणं आणि त्याचं पाणी असलं पाहिजे.

आणि प्रत्येकाच्या बॅगेच्या तळाशी एक लहान डबा, ज्याला हात लावायचा नाही. दोन लाडू, मूठभर खारे दाणे, नार्त्तंगायचा तुकडा, ओआरएसचं एक पाकीट. वाट चुकली, ओढ्याला पाणी वाढलं, कुणाचा पाय मुरगळला, तर तो उघडायचा. विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबर, तेव्हा इकडचा पाऊस असतो आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी कमरेला लागतो. काहीच घडलं नाही तर डबा गाडीपर्यंत बंद. गाडीत बसलात की उघडा, आणि पहाटे तीनला उठलेल्या ड्रायव्हरदादांना पहिला लाडू द्या.