लस घेऊ, पण विचारून घेऊ
(ग्रामसभांच्या बैठकीत संघटनेने केलेले भाषण)



पाड्यापाड्यावर आम्ही एकच ऐकतो. पहिली सुई घेतली, ताप आला, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आता दुसरी कशाला? कोरोना कोरोना ऐकून कंटाळा आलाय.

शहरातले म्हणतात, आदिवासी अडाणी, म्हणून लसीला घाबरतात. आम्हाला हे मान्य नाही. 2006 साली वनहक्क कायदा झाला, तरी आपले दावे अजून धूळ खात पडलेत. त्याच सरकारची गाडी लस घेऊन दारात आली तर माणूस बिचकणारच. म्हाताऱ्यांना आणीबाणीतली नसबंदीची सक्ती आठवते. मार्च 2020 मध्ये चार तासांच्या मुदतीत देश बंद केला. आपली माणसं पायी घरी आली, तेव्हा गाडी कुठे होती?

पण फॉरेस्टवरचा राग सुईवर काढून काय मिळणार? देवीचा रोग गेला तो लसीने. 1975 नंतर देशात त्याचा रोगी नाही. आपल्याच आयांनी पोरांना पोलिओचे थेंब पाजले, 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कोरोनाची लस घेतल्यावरही कोरोना होऊ शकतो, हे खरं. पण जीव जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. ज्याचा दवाखाना कोसांवर आहे, त्याला तर हे जास्तच गरजेचं. सुईने मूलबाळ होत नाही, ही निव्वळ अफवा आहे. ताप बहुतेकांचा एक-दोन दिवसांत उतरतो.

मग करायचं काय?

ग्रामसभा बोलवा. सिस्टरला, आशाताईला मधे बसवा, मनातलं सगळं विचारा. उत्तर आपल्या बोलीत मागा. बायांनाही बोलू द्या.

लसीचा दिवस गावाने ठरवावा. बाजाराचा नको, कापणीचा नको.

2021 साली कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान 84 दिवस जात. तोवर निम्मा पाडा वीटभट्टीवर गेलेला असे. जाणाऱ्यांनी पहिल्या डोसचा कागद आणि नोंदवलेला मोबाईल नंबर जवळ ठेवावा. तेव्हा दुसरा डोस देशात कुठेही सरकारी केंद्रावर फुकट मिळत होता.

कोणी म्हणालं, लस नाही तर रेशन नाही, तर लेखी आदेश मागा. लस ऐच्छिक आहे, असं सरकारच सांगतं. धमकीने घेतलेल्या पहिल्या सुईनंतर माणूस दुसरीला जंगलात पळतो.

दाव्याची लढाई अजून बाकी आहे. ती लढायला आपली म्हातारी माणसं पाहिजेत, कारण कोणतं शेत कधीपासून कसतो, हे त्यांनाच ठाऊक. त्यांना आधी घेऊन या.

जिंदाबाद!