बरणीला विटाळ होत नाही

(फुलंब्री येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पोटगी, मारहाण, सातबाऱ्यावर नाव हे विषय आपण नेहमी बोलतो. आज मी टोमॅटोच्या सहा बाटल्यांबद्दल बोलणार आहे. विषय लहान वाटेल, पण ऐका.

आमच्या घरी वर्षाचे लोणचे आई घालायची. कैरी निवडण्यापासून मिठाच्या अंदाजापर्यंत सगळे तिचे. वडील गेले आणि पुढच्याच उन्हाळ्यात भावकीतल्या बायकांनी तिला सांगितले, "तुम्ही नुसत्या बसा, फोडींना हात लावू नका." वीस वर्षे जिच्या हाताचे लोणचे सगळ्यांनी खाल्ले, तिचा हात एका दिवसात अशुभ झाला. पुढे माझ्या सासरी चार दिवस बरणीच्या खोलीत जायचे नाही, असा दंडक होता. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली. बाहेर विटाळाविरुद्ध भाषणे करायची आणि घरी बरणीला वळसा घालून जायची.

आता मी इथे फुलंब्रीत खोली घेऊन एकटी राहते. गेल्या हिवाळ्यात टोमॅटोचा भाव इतका पडला, की आपल्याच गटातल्या एकीने परत न्यायचे भाडे परवडेना म्हणून भरलेली पाटी बाजाराच्या कडेला ओतली. त्यातले पाच किलो मी घरी आणले. ठरवले, हे बाटलीत टिकवून बघायचे. विचारायला सासू नाही, अडवायलाही नाही.

टोमॅटो शिजवले, जामच्या जुन्या बाटल्या धुतल्या, गरम गर भरला, जुनीच झाकणे घट्ट लावली. सहाव्या दिवशी रात्री फट्‌ आवाज झाला. एक झाकण उडाले होते, ओट्यावर फेस. बाकीच्या बाटल्यांची झाकणेही फुगलेली. सगळे खड्ड्यात पुरले.

आता खरे सांगते. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मी बोटांवर तारीख मोजली! पाळी होती का त्या दिवशी? नव्हती. पण मोजली तर खरी. विटाळ घरातून गेला तरी मनातून लवकर जात नाही, तो असा. घरमालकीण काकूंनीही सकाळी तेच विचारले.

मग मी नीट वाचले, जाणकारांना विचारले. चूक साधी होती. उकळलेला गर भरला, तरी बाटलीत, झाकणाला, वरच्या हवेत जंतू राहतात. बाटली बंद केल्यावर ती पुन्हा पाण्यात उकळावी लागते. निकोला ॲपेर नावाच्या फ्रेंच हलवायाने ही रीत शोधली आणि १८१० साली सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. अन्न का टिकते हे त्यालाही ठाऊक नव्हते. जंतूंचे कारण पाश्चरने पुढे पन्नासएक वर्षांनी दाखवले. म्हणजे कारण न कळताही रीत बरोबर असू शकते. आपल्या आज्यांची मीठ, तेल आणि कोरडी बरणी ही रीत तशीच बरोबर होती. तिच्यात बाईचा विटाळ मात्र उगाच घुसवला गेला.

दुसऱ्यांदा केले ते असे. लिहून घ्या. टोमॅटो गरम पाण्यात बुडवून साल काढली, चिरून पाच मिनिटे उकळले. अर्ध्या लिटरच्या बाटल्या गरम पाण्यातच ठेवल्या, म्हणजे तडकत नाहीत. प्रत्येकीत पाव चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचे सत्त्व. गर भरताना वर अर्धा इंच जागा सोडली. कडा पुसून नवी झाकणे लावली. मोठ्या पातेल्यात तळाला फडके घालून बाटल्या उभ्या केल्या, झाकणांच्या वर इंचभर पाणी, आणि पाणी खळखळल्यापासून चाळीस मिनिटे. समुद्रकाठी पस्तीस पुरतात. आपला भाग पाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी जरा कमी उष्णतेला उकळते, म्हणून पाच मिनिटे जास्त. गार झाल्यावर झाकणांचा मधला भाग आत बसला. शेवटची बाटली मी पाच महिन्यांनी उघडली, उत्तम होती.

आणि हो, त्या दिवशी माझ्या पाळीचा दुसरा दिवस होता.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. ही रीत आंबट पदार्थांचीच. मटार, गवार, भेंडी, मटण अशा बाटल्यांत भरू नका. आंबटपणा नसला की बोटुलिझमचे जंतू हवाबंद बाटलीत विष तयार करतात. त्यांचे बीज उकळत्या पाण्यातही मरत नाही, त्याला दाबाखाली १२१ अंश लागतात. विषाला वास येईलच असे नाही, चवही कळत नाही, आणि माणूस लुळा पडून मरू शकतो. म्हणून सत्त्व विसरायचे नाही, फुगलेल्या झाकणाची बाटली चाखूनही बघायची नाही. गवार, मेथी आपण वाळवतो, तेच बरे. खरे सोवळे पाळायचे ते इथे!

२०१४ साली सॅनिटरी पॅडच्या एका कंपनीने 'टच द पिकल' अशी जाहिरात केली. लोणच्याला हात लावा, म्हणाले. चांगले म्हणाले. पण लोणचे खरोखर कशाने बिघडते, हे जाहिरातीत कोण सांगणार? ते सांगणे आपले काम आहे. कारण बाटली बिघडली की दोष बाईवरच येतो, आणि टिकली तर त्याला हातगुण म्हणतात. हातगुण म्हटले की ते ज्ञान ठरत नाही, आणि ज्ञान नाही म्हणून त्याची मजुरीही कोणी धरत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. त्यांनी घरातले कसब मोजून, तोलून बाहेर आणले. आपल्यालाही विकायचे असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करावी लागेल, आंबटपणा तपासून घ्यावा लागेल. पण आधी घरापुरते करून हात बसू द्या.

काकूंनी माझ्याकडून कृती मागून घेतली. वर म्हणाल्या, "सुनेला शिकवते, पण ते चार दिवस सोडून." मी भांडले नाही. कागदाच्या शेवटी एवढेच लिहिले, 'कोणत्याही दिवशी करावे, हात साबणाने धुवावेत.' तो कागद त्यांच्या ओट्यावर अजून चिकटवलेला आहे. सून वाचते.

यंदा कैरीच्या दिवसांत माझी आई इकडे येणार आहे. मीठ तीच घालणार. तुम्हीही या, आणि ज्यांना कुणी बोलावत नाही त्यांना बरोबर घेऊन या.