परत येणारा रुग्ण आणि परिचारिकेची वीस मिनिटे
(धुळे येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



रुग्णालयातून घरी गेलेला माणूस महिनाभरात त्याच वॉर्डात परत येतो, तेव्हा आपण त्याच्या नशिबाला किंवा निष्काळजीपणाला दोष देऊन मोकळे होतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उत्तर पुरेसे वाटू नये.

माझ्या परिचयातील शिरपूर तालुक्यातले एक वृद्ध शेतमजूर हृदय दुबळे झाल्याने दाखल झाले आणि बरे होऊन घरी गेले. हातात इंग्रजी डिस्चार्ज कार्ड, घरात बोली अहिराणी. पायांची सूज उतरताच त्यांनी लघवीची गोळी बंद केली. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा आणि उडदाचा पापड चालूच राहिला. तिसऱ्या आठवड्यात दम लागला, आणि उसने पैसे घेऊन पुन्हा गाडी करावी लागली. या खेपेस एका परिचारिकेने त्यांच्या सुनेला जवळ बसवून अहिराणीतच सारे समजावले: गोळी कशासाठी, मीठ कशाकशात असते, वजन किंवा सूज वाढू लागली तर दम लागण्याची वाट न पाहता कोठे जायचे. आणि ते तिच्याकडून वदवून घेतले. वीस मिनिटांचे काम! पहिल्या खेपेस ते का झाले नाही? भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण-रुग्णालयात तीन रुग्णांमागे व अन्यत्र पाच रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला जाऊन प्रत्येकाने स्वतः मोजून पाहावे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मेरी नेलर यांनी केलेला प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. विशेष प्रशिक्षित परिचारिकांनी वृद्ध रुग्णांची रुग्णालयातच ओळख करून घेतली व पुढे चार आठवडे घरी जाऊन पाठपुरावा केला. चोवीस आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीतील ३७ टक्के रुग्ण परत दाखल झाले. या गटातील २० टक्के. खर्चही सुमारे निम्म्यावर आला. (२०१२ पासून तेथे सरकार जादा पुनर्दाखल्यांसाठी रुग्णालयांना दंड करू लागले. त्याचा फटका गरिबांची सेवा करणाऱ्या रुग्णालयांना अधिक बसला; ते अनुकरण आपल्याला नको.)

आपल्याकडे २०१२ मध्ये जीवनदायी योजना प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे होता. तिचे तत्त्व पॅकेजचे. शस्त्रक्रियेला दर आहे. सुनेला शिकवण्याच्या वीस मिनिटांना स्वतंत्र दर नाही. ज्याला दर नाही, ते काम बाजाराच्या हिशेबात उरत नाही.

वास्तविक वाट आपल्याच राज्याने दाखवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील स्त्रियांच्या हाती नवजात बालकांची काळजी सोपवली. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी बेचाळीस दिवसांत ठरलेल्या भेटी देऊ लागल्या. मग हृदयरोग्याच्या वा सिकलसेलने वारंवार आजारी पडणाऱ्या पावरा मुलाच्या घरी पहिल्या आठवड्यात परिचारिका का जाऊ नये? अर्थात हे ओझे पुन्हा आशाताईंच्या तुटपुंज्या मोबदल्यावर टाकणे मला मान्य नाही.

मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी तो केवळ नोकरीचा प्रश्न मानला. अकरा महिन्यांच्या करारावरील परिचारिका ज्याच्या घरी जाणार, तो रुग्ण तिला पुढच्या वर्षी भेटेल याची हमी कोण देणार?

आपली शिष्टमंडळे जळगाव व धुळ्याच्या जिल्हा प्रशासनाकडे जातात, ती खाटा आणि यंत्रे मागतात. या वेळी आधी एक आकडा मागा: गेल्या वर्षी घरी सोडलेल्यांपैकी तीस दिवसांच्या आत किती जण परत आले? आणि त्यासोबत परिचारिकांच्या रिक्त पदांची यादी.