माणसे मोजण्याची मापे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले आणि विषय मात्र माझ्यावरच सोपवला. पाककृती, आरोग्य, बालसंगोपन यांवर बोलणाऱ्या जाणत्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी असा एक विषय घेते, की जो रोज आपल्या घरात, जिन्यात आणि गाडीच्या डब्यात घडतो, पण ज्यावर आपण सहसा बोलत नाही. तो म्हणजे समोरच्या माणसाला पाहताक्षणी मोजून टाकण्याची आपली सवय.

इमारतीत नवे बिऱ्हाड आले की आठ दिवसांच्या आत आपण काही निमित्त काढून पाच प्रश्न विचारून घेतो. आधी कुठे राहत होता? जागा मालकीची की भाड्याची? यजमान कुठे असतात? मुले कोणत्या शाळेत, मराठी की इंग्रजी? आणि आडनाव ऐकूनही समाधान झाले नसेल तर, जरा आवाज खाली आणून, 'म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?' या शेवटच्या प्रश्नात गावाची चौकशी किती आणि जातीची किती, हे विचारणारीला आणि उत्तर देणारीला दोघींनाही ठाऊक असते. विचारपूस करणे वाईट नाही. ओळखदेख अशीच वाढते. पण त्या उत्तरांवरून आपण चहाला कोणते कप काढायचे ते ठरवतो, तिथे गोष्ट बिघडते.

पत्त्याचेच घ्या. मी घाटकोपरला राहते असे सांगितले की लगेच विचारतात, 'ईस्ट की वेस्ट?' पूर्वी गिरगाव-दादरची मंडळी उपनगरात बिऱ्हाड करणाऱ्यांची कीव करीत. अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले १९५० साली. बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ साली. आपल्यातल्या वडीलधाऱ्या बायका अजूनही फोर्टात जायचे असले तर 'मुंबईला जाऊन येते' म्हणतात. म्हणजे आपण सगळ्याच कालपर्यंत मुंबईबाहेरच्या! पण आज मुलुंडचा चेकनाका ओलांडून ठाणे-डोंबिवलीला, किंवा दहिसर ओलांडून विरारला कुणी राहते असे कळले, की 'अगबाई, इतक्या लांब?' असे म्हणताना आपला स्वर बदलतो. दादरकरांनी आपल्याला जे माप लावले, तेच आपण पुढच्या स्टेशनावरच्या माणसाला लावतो.

आणि भगिनींनो, हे माप तरी स्थिर आहे का? आमच्या आजीच्या घरी तांब्यापितळेची भांडी होती. स्टेनलेस स्टील आले तेव्हा पितळ मोडीत घालून मांडणीवर स्टीलचे डबे ओळीने लावणे ही प्रतिष्ठा झाली. आता स्टील घरोघर झाले, तर तेच पितळ दुकानात काचेआड बसले आहे आणि आपण चौपट पैसे मोजून ते घरी आणतो. नाचणीची भाकरी म्हणजे कष्टकऱ्यांचे खाणे असे म्हणून ज्यांनी ती ताटातून काढली, त्यांच्याच घरी आता वैद्यांच्या सल्ल्याने ती परत आली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळल्यावर तर ज्वारी-नाचणीला मोठ्या हॉटेलांतही मान मिळाला. खणाची चोळी गावाकडची म्हणून हिणवली गेली. आज खणाची साडी नेसून आपण लग्नाला मिरवतो.

अक्षरांचेही तसेच. पूर्वी 'नांव', 'गांव', 'कांहीं' अशा शब्दांवर, उच्चारात नसलेली टिंबे द्यावी लागत. कुठे द्यायची हे ज्याला ठाऊक, तो सुशिक्षित. ज्याचे एक टिंब चुकले, तो अडाणी. १९६२ साली शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम मान्य केले आणि ती न उच्चारली जाणारी टिंबे गेली. ज्या खुणेवरून माणसांची पायरी ठरवली जात होती, ती खूणच नाहीशी झाली. मराठीचे मात्र काही अडले नाही.

मला वाटते, आपण येथे दोन गोष्टींची गल्लत करतो. एक असते खूण आणि दुसरा असतो गुण. खूण बाजारात मिळते. पत्ता, कप, साडी, मुलांची शाळा, गाडीचा पास हे सगळे पैसे असले की घेता येते. म्हणून तर ती खूण जास्त लोकांच्या हाती आली की वरची मंडळी नवी खूण शोधतात. प्रामाणिकपणा, कष्टाळूपणा, दुसऱ्याच्या अडचणीला धावून जाणे, दिलेला शब्द पाळणे हे गुण. ते पाहायला वेळ लागतो, सहवास लागतो. खूण एका नजरेत दिसते, आणि आपल्याला घाई असते.

आपल्या लोकलचेच पाहा. रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग काढून टाकला, पण वर्ग काही संपले नाहीत. पहिला वर्ग राहिला, दुसरा राहिला, आणि २५ डिसेंबर २०१७ पासून बोरिवली-चर्चगेट मार्गावर वातानुकूलित गाडी आली. ज्याला परवडते त्याने आरामात जावे, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पासावरून माणसाची लायकी ठरवणे. मासळीच्या पाट्या घेऊन मालडब्यात चढणाऱ्या कोळणींना पाहून फलाटावर नाकाला पदर लावणाऱ्या बायका संध्याकाळी त्याच पापलेटासाठी बाजारात गर्दी करतात. उलट ८ जून २०१४ पासून वर्सोव्याहून अंधेरीमार्गे घाटकोपरला मेट्रो धावते आहे. तिच्यात पहिला-दुसरा वर्ग नाहीच. कचेरीतले अधिकारी, कारखान्यातले कामगार, पोळ्या करायला निघालेल्या बाया, सगळे एकाच डब्यात उभे असतात. मी ह्या गाडीने पुष्कळदा जाते. कुणाच्या प्रतिष्ठेला धक्का लागलेला मला अजून दिसला नाही.

आता बोलण्याविषयी. एका सभेत घडलेली गोष्ट सांगते. इमारतींना पाणी अपुरे येई, त्याचा विचार चालला होता. मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, 'पानी सोडनारा मानूस...' एवढ्यात पुढच्या ओळीत दोघीतिघींनी तोंडाला पदर लावला. ती बाई तिथेच थांबली आणि खाली बसली. सभा संपल्यावर मी तिला गाठले. तिच्या वस्तीत नळाची चावी केव्हा फिरवतात, वॉर्ड ऑफिसात अर्ज कुणाकडे द्यावा लागतो, हे तिला तोंडपाठ होते. तिने स्वतः अर्ज करून वस्तीला पाणी मिळवले होते. मी म्हटले, 'मग हे सांगितले का नाही?' ती म्हणाली, 'ताई, माझं बोलनं तुमच्यात बसत नाय.' त्यानंतर ती सभेला आली नाही. एका 'ण'पायी त्या सभेने आपले पाणी घालवले, असे मला वाटते.

आपली साष्टी मुळात कुणाची होती, याचाही विचार करावा. वेसाव्याचे कोळी, गोराई-मनोरीकडचे ख्रिस्ती बांधव, आगरी, भंडारी, वारली ही मंडळी आपल्या इमारतींचा पाया खणण्याच्या किती तरी आधीपासून इथे नांदत आहेत. आगरी-कोळ्यांच्या तोंडी 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल' होतो. ती त्यांची चूक नव्हे, ती त्यांच्या मराठीची रीत आहे. नियम केले ते लिहिण्यासाठी. शाळेत, कचेरीत, छापील मजकुरात एकवाक्यता असावी म्हणून. तशी मराठी मुलांना यायलाच हवी, तिच्यावाचून त्यांचे अडेल. पण त्या नियमांनी कुणाचे तोंड बंद करावे असे कुठे लिहिलेले नाही. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्या आपल्या घरच्या बोलीत ओव्या रचीत. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापली गेली. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचेच नाव दिले. हयातीत त्या अशा एखाद्या सभेत उभ्या राहिल्या असत्या, तर पुढच्या ओळीने काय केले असते?

२०२३ साली मुलुंड पश्चिमेला एका मराठी भगिनीने, आपण मराठी म्हणून इमारतीत कार्यालयाला जागा नाकारली, अशी तक्रार केली. चित्रफीत घरोघर पोचली आणि आपण सगळ्या संतापलो. संताप योग्यच होता. पण मग जागा भाड्याने देताना आपलीच माणसे आडनाव विचारून 'घरच्यांशी बोलून कळवतो' असे सांगतात, तेव्हा तो संताप कुठे जातो? आपल्याला लागले की तो अन्याय, आणि आपण लावले की ती सावधगिरी, असे कसे चालेल?

शेवटी स्वयंपाकघरात येऊ. पुष्कळ घरांत कामाच्या बाईचा कप वेगळा असतो; खिडकीत नाही तर मोरीपाशी उपडा घातलेला. विचारले तर सांगतात, स्वच्छतेसाठी. पण घरातले सगळे कप तीच बाई घासते, पोळ्याही पुष्कळदा तिच्याच हातच्या आपण खातो! मग ही स्वच्छता कसली? संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली. घरकामगारांच्या कल्याण मंडळासाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा केला. पण आपल्या फडताळातल्या कपापर्यंत कोणताही कायदा पोचत नाही. तिथे गृहिणीचेच राज्य असते. ते कामही म्हणून तिलाच करायला हवे.

टापटीप नको, चांगले बोलणे नको, असे मी म्हणत नाही. आपले घर नेटके ठेवावे, मुलांना उत्तम शिकवावे. पण त्या मापाने दुसऱ्याला हिणवू नये. मंडळाला माझ्या तीनच विनंत्या आहेत. नव्या सभासदाच्या अर्जात तिला काय येते आणि काय शिकायचे आहे एवढेच विचारावे. सभेत कुणीही कोणत्याही बोलीत बोलावे, आणि हसणाऱ्या भगिनीला अध्यक्षबाईंनी तिथल्या तिथे थांबवावे. आणि पुढच्या हळदीकुंकवाला आपल्या घरी राबणाऱ्या भगिनींना रीतसर आमंत्रण देऊन आपल्याच ओळीत बसवावे, आपल्याच कपांतून मसाल्याचे दूध द्यावे. याला वर्गणी वाढवावी लागत नाही की ठराव करावा लागत नाही.