खेळू द्या, पण पासबुक बघा

मंडळी, मुलं जिन्यात बसून मोबाइलवर गेम खेळतात, अशी तक्रार होते. खेळू द्या हो! आम्हीही कॅरमपायी रात्री जागवल्या, तरी दुसऱ्या दिवशी बँकेत कॅश टॅली व्हायचीच.

माझा आक्षेप वेगळा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली; पण साध्या गेममध्येही बंदुका, पोशाख विकत मिळतात. रक्कम किरकोळ, म्हणून कोणी बघत नाही. तेव्हा पेन्शनच्या खात्याला जोडलेला फोन नातवाच्या हाती देऊ नका. वेगळं खातं उघडा, मिनिमम बॅलन्सवर फार तर ५०० रुपये ठेवा आणि महिनाअखेरीस स्टेटमेंट त्यालाच मोठ्याने वाचायला लावा.

नोकरदार तरुणांनो, तुम्ही निदान रात्री बारापर्यंत झोपा! खात्याचं काही विचारायचं असेल तर रविवारी सकाळी घरी या. चहाचं मात्र आमच्या सौ.ना आधी कळवा.